सुलटी खाट

दिनेशच्या खाटेवर कोणीतरी झोपतं, हे सोमारीनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो. हसायचं नव्हतं. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती आणि तिनंच माझा घात केला. तो कसा केला, तेच सांगायला बसलो आहे.

मी धनराज गहाणे, पळसटोल्याचा कोतवाल. कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, कोणी मोठा अंमलदार असेल. तसं काही नाही. तलाठ्याच्या मागं दप्तर घेऊन फिरायचं, नोटिसा वाटायच्या, दवंडी द्यायची आणि पोलिसांना पंच लागला की सही करायची. दवंडी हल्ली मोबाईलवर जाते. त्यामुळं उरलेला आवाज तुमी घरात वापरता, असं माझी बायको शकू म्हणायची. पंचाचं काम मात्र वाढलं होतं. कोरचीकडून कुरखेड्याला येणारा रस्ता आमच्या गावाला चिकटून जातो. वर छत्तीसगड, त्याच्या पलीकडं ओडिशा. तिकडून गांजा निघतो आणि नागपूरकडं जातो, तिथून पुढं कुठं जातो ते देवाला माहीत. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. पोलीस गाड्या थांबवून दारू शोधायचे आणि दारू शोधता शोधता गांजा सापडायला लागला. कधी कोहळ्यांच्या खाली, कधी सीटच्या आत, खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेली विटेएवढी पाकिटं. पंचानं ती समक्ष बघायची, वास घ्यायचा आणि खाली नाव लिहायचं. अकरा पंचनाम्यांवर माझं नाव आहे. मला त्याचा अभिमानच होता म्हणा ना.

आमच्या गावात गांजाचं एक रोपटं नाही. माल येतो आणि जातो, आपण फक्त गाडीमागची धूळ खातो, अशी आमची समजूत होती. पण धानाचा ट्रॅक्टर गेला की रस्त्यावर दाणे सांडतातच, आणि दाणे सांडले की चिमण्या येतात. नाक्यावर तपासणी वाढली तशी त्या लोकांना अलीकडं माल उतरवून जंगलवाटेनं पलीकडं नेणारी पोरं लागायला लागली. मोटारसायकल चालवणारी, वाटा ठाऊक असलेली. पहिल्यांदा त्यांना पैसे दिले. मग परतीच्या गाडीतून नशेची भुरी पावडर यायला लागली आणि मजुरी म्हणून पोरांच्या हातावर पुडी पडायला लागली. एकदा पुडी लागली की पोरगा पैसे मागत नाही, हे त्या लोकांना आमच्याआधी कळलेलं होतं.

आमच्या गावातून असे दोघं गेले. एक दिनेश हलामी, माझ्या शेजारच्या चैतूचा आणि सोमारीचा एकुलता एक. दुसरा पवन, माझा. आमची घरं अशी की मागची सांदवाडी, म्हणजे परस, एकच, मधे नुसतं तुराट्यांचं कुंपण. दोघं पोरं त्या कुंपणात भोक पाडून ये-जा करायची, आणि मी दर उन्हाळ्यात ते भोक बुजवायचो.

दिनेश पौषात गेला. कालव्याच्या पुलाखाली सापडला, हातात सुई तशीच. तेवीस वर्षांचा होता.

हलामी गोंड लोक, ते जाळत नाहीत, माती देतात. त्यांच्या वस्तीची, टोल्याची रीत अशी की ज्या खाटेवरून माणूस नेला ती खाट मसणातच ठेवायची, त्याच्या जागेवर, उलटी करून, पाय वर. त्याची चादर, कपडे, ताट, लोटा, सगळं तिथंच. वर्षानं त्याच्या नावाचा गोटा, दगड उभा करतात, तोवर ते सामान त्याचं. कोणी हात लावायचा नाही. आमच्या लोकांत जाळतात, पण मसण गावाचं एकच, तेव्हा ही रीत आम्हीही पाळतो. लहानपणी तिथं पडलेली एक चिलीम मी उचलली होती, तर माझ्या बापानं मला येनाच्या झाडाला बांधून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत.

आणि रीतीतली मोठी गोष्ट ही, की मेलेल्याला जेवण ठेवून निघालं की मागं बघायचं नाही. मागून हाक आली तरी नाही. मेलेल्याला करमत नाही, तो आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो. वळलात की तो पाठीमागं येतो, आणि घरातलं अजून एक माणूस सोबतीला घेऊन जातो. हे मला सोमारीनं नाही सांगितलं. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

दिनेशला माती देताना पवनचे हात थरथरत होते. माझ्या मनात आलं, दोस्त गेला म्हणून थरथरतो. मग त्यानं मूठभर माती टाकायला हात लांब केला, बाही वर सरकली, आणि कोपराच्या आतल्या बाजूला मला टोचल्याच्या खुणा दिसल्या. घरी येईपर्यंत मी गप्प राहिलो. अंगणात मात्र त्याला दोन थोबाडीत दिल्या. शेजारी चैतूच्या घरी रडारड चाललेली, आणि मी इकडं बोंबलत होतो.

"तूई मेला तं मी तुहं तोंड पाह्याले येनार नाई! आयकलं का? मेलेलं तोंड पाहनार नाई!"

सगळे बाप म्हणतात हे. माझ्या बापानं मला दहादा म्हटलं असेल. शकू मधे पडली, तिलाही मी ढकललं. पोरगा अंगातल्या कपड्यांनिशी फाटकातून बाहेर पडला, तो गेलाच.

त्या दिवसापासून शकू माझ्याशी बोलेना. जेवण वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. एकदाच म्हणाली, "पवनले घेऊन या. मंग बोलन." मीही मनात तेच धरलं होतं. पोरगा घरी आणायचा. पाया पडावं लागलं तर पडायचं, दवाखान्यात न्यावं लागलं तर न्यायचं, पण जित्ता घरी आणायचा. दुसरं काही मला नको होतं.

कोणी म्हणालं, घुग्घुसला कोळशाच्या गाड्यांवर दिसला. गेलो. तीन दिवस त्या काळ्या धुळीत फोटो दाखवत फिरलो. खाणीची पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग निघायची. एकजात काळी तोंडं, आणि मी प्रत्येक तोंडाकडं बघत उभा. शेवटी एका गाडीच्या क्लीनरनं फोटो हातात धरला आणि म्हणाला, "ये तो चला गया, काका. बोलता था, अपने गाँव की तरफ ही जाता हूँ, उधर एक जगह है, वहाँ कोई नहीं आता." मी किती खूश झालो! गावाकडं येतो म्हणाला ना, मग येईल. परतीच्या बसमध्ये मी शकूसाठी संत्री घेतली. 'वहाँ कोई नहीं आता' याचा विचार मी केलाच नाही.

फाल्गुन लागला आणि मोह पडायला सुरुवात झाली. त्या दिवसांत आमच्याकडं पहाटेपासून गाव रिकामं होतं. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली असते, तिच्यावर फुलं टपटप पडतात, ती वेचायला घरचं एकेक माणूस टोपली घेऊन जातं. चैतू मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. सोमारी एकटीच. एका सकाळी मी कुंपणापाशी दात घासत होतो, तर ती पलीकडून आली. चेहरा उजळलेला. पोरगा गेल्यापासून मी तिला तशी बघितली नव्हती.

"धनराज भाऊ, दिनेश येते."

"कुठी येते?"

"खाटीवर. मी उलटी ठेवली होती, त्यानं सुलटी करून ठेवली. चादर पांघरून झोपते. ताटातलं जेवते."

तेव्हाच मी हसलो. "कुत्रं खाऊन राह्यलं असन, सोमारीबाई."

"कुत्रं ताट धुऊन ठेवत नाई, भाऊ. आन् कुत्रं भाजीतल्या मिरच्या काढून ताटाशेजारी पानावर ठेवत नाई."

"दिनेश मिरच्या काऊन काढन? त्याले तं ठेच्याशिवाय घास उतरत नव्हता."

"मेल्यावर तिखट सोसत नसन," ती अगदी मनापासून म्हणाली. "आमच्यात मेलेला मानूस पेन होते, देव होते. देवाले कुठी तिखट दाखवते कोनी? आता मी बिनमिरचीचं करून नेतो."

पूर्वी ती सोमवारी सोमवारी जायची, आता रोज जायला लागली. तिनं खाटेकडं नीट बघितलं होतं का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, नाही. वाटेवरून मान खाली घालून जायचं, कालचं ताट उचलायचं, आजचं ठेवायचं आणि निघायचं. चादरीचा उंचवटा डोळ्याच्या कडेला दिसायचा, तेवढ्यानं तिचं पोट भरायचं. आपल्या लेकराला झोपेतून कोण उठवणार?

ही गोष्ट मी घरी शकूला सांगितली असती तर! एवढं एकच केलं असतं तर! पण ती बोलत नव्हती, मग मीही फुगून बसलो होतो. माझा पवन लहानपणापासून भाजीतली मिरची बोटानं शोधून ताटाच्या कडेला ओळीनं लावायचा. रोज जेवताना मी त्यावरून त्याला शिव्या घालायचो. आणि सोमारीनं माझ्यासमोर तीच मिरची ठेवली, तरी मला काही आठवलं नाही. आईला आठवलं असतं.

त्याच आठवड्यात पोलीस आले. पक्की खबर होती की माल आमच्या गावात कुठंतरी ठेवला जातो आणि चार-चार दिवसांनी पुढं जातो. हवालदार आमच्याच भागातला, ओळखीचा. त्यांनी तणसाचे ढीग उपसले, गोठे बघितले, बंद शाळेची खोली उघडली. पंच म्हणून मी मागं मागं. दुपारपर्यंत काही सापडेना तेव्हा मी थकून म्हणालो, "आता मसनच राह्यलं, साहेब. तिथीबी खोदून पाहा."

हवालदार कानाला हात लावून म्हणाला, "नको बाप्पा. दिनेशची खाट आहे तिथी. हात लावला तं गाव अंगावर येईन. आन् मलेबी लेकरंबाळं हायेत."

आम्ही दोघंही हसलो आणि चहा प्यायलो. ज्यानं कोणी ती जागा शोधली, त्याला आम्ही सगळे काय करणार आणि काय नाही करणार, हे अगदी बरोबर ठाऊक होतं. बाहेरच्या माणसाला ते कळलं नसतं. दाखवणारा आमचाच होता.

मग तो मंगळवार. सोमारीला ताप भरला होता. हिवतापच असावा, दातावर दात वाजत होते. सकाळी सातला तिनं कुंपणापलीकडून मला हाक मारली. हातात झाकलेलं ताट, उभं राहवत नव्हतं.

"भाऊ, तेवढं दिनेशले देऊन येजा. काल बी मले जाऊ नाई भेटलं. दोन दिसाचा उपाशी असन तो."

मला जायचं नव्हतं. हसणं वेगळं आणि जाणं वेगळं. पण तापलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? ताट घेतलं, मोहाची टोपली खांद्याला अडकवली आणि निघालो.

ऊन वर आलं होतं. रानात जळलेल्या पाचोळ्याचा वास आणि वर मोहाचा तो गोड वास, नशा चढावी असा. मसणाच्या वाटेला वळल्यावर माणसांचे आवाज मागं पडले. येनाच्या झाडाखाली दिनेशची खाट होती आणि ती खरंच सुलटी होती. चारही पाय जमिनीवर. मी मान खाली घातली, पण डोळ्याच्या कडेला जे दिसायचं ते दिसलंच. चादर होती. तिच्याखाली लांबट उंचवटा होता, माणसाएवढा. खाटेखाली पोती सरकवलेली होती. आता सांगताना वाटतं, पंच म्हणून अकरा वेळा ज्या वासानं माझं नाक भरलं, तोही वास तिथं होता. पण मी त्या वेळी पंच नव्हतो.

ताट खाली ठेवलं. जुनं ताट तिथंच होतं, परवाचं, धुतलेलं नव्हतं. हात जोडले. काहीतरी बोलावं म्हणून बोललो.

"दिनेश, बाबू, तू आता देव झाला. तुह्या दोस्ताले घरी धाड. मी त्याले काही म्हननार नाई. फक्त घरी धाड."

मग पाठ फिरवली आणि चालायला लागलो. दहा पावलं गेलो असेन. मागं खाटेची दोरी करकरली. आणि आवाज आला, बारीक, घशात अडकलेला.

"बाबा."

पाय थांबले. तो पवनचा आवाज होता. ओळखला नाही असं मी कसं म्हणू? ओळखला. जन्मापासून ऐकलेला आवाज. आणि तो ओळखला म्हणूनच मी वळलो नाही. कारण रीत तेच सांगते, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येते, वळलात की घरातलं अजून एक माणूस जातं. माझ्या घरात जाण्यासारखं कोण होतं? पवनच होता. त्याचा जीव वाचावा म्हणून मी मान ताठ केली, दात दाबले आणि पुढचं पाऊल टाकलं.

"बाबा... पानी."

मी धावत सुटलो. टोपली एका काट्यात अडकली तर ती तशीच ओढली. मोहाच्या झाडांपाशी पोचलो, माणसं दिसली, तेव्हा थांबलो. आणि सांगायची लाज वाटते, पण सांगतो, मला बरं वाटत होतं. काहीतरी मोठं पार पाडलं असं वाटत होतं. आता दिनेश माझं ऐकेल, पवनला घरी धाडेल. त्या आनंदात मी साडेअकरापर्यंत मोह वेचला. टोपली काठोकाठ भरली.

घरी येताना सोमारीच्या दारात थांबलो. ती गोधडी पांघरून ओसरीवर पडली होती, ताप थोडा उतरलेला.

"ठेवलं ताट. आन् आयका सोमारीबाई, त्यानं हाक बी मारली मले. पन मी वळलो नाई."

ती उठून बसली. डोळे भरले. "बोललं माहं लेकरू? काय म्हने?"

"बाबा म्हने. पानी मांगून राह्यला होता."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. मी अजूनही ऐटीत उभा होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "दिनेश तुले काकाजी म्हने. जलमात त्यानं तुले बाबा म्हटलं नाई."

"मेलेला आपल्या मानसाच्या आवाजात—"

"मेलेल्याले मिरची लागते का, भाऊ? मेलेला ताट धुते का?" ती माझ्याकडं बघत होती, पण हे मला विचारत नव्हती. स्वतःलाच विचारत होती. तीन आठवडे जे तिनं जपलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं फोडलं. "धनराज भाऊ, धाव."

टोपली तिथंच पडली. ओसरीभर मोह सांडला. मी धावलो आणि माझ्यामागं ती तापलेली बाई धावली, अनवाणी. वाटेत मला मिरच्या दिसत होत्या. ताटाच्या कडेला ओळीनं लावलेल्या, हिरव्या.

ताट तसंच होतं. भाताला मुंग्या लागल्या होत्या. पवन खाटेवरून अर्धा खाली आला होता, एक हात ताटाच्या दिशेनं, म्हणजे मी गेलो त्या वाटेच्या दिशेनं. चादर दिनेशची. अंग इतकं बारीक झालेलं की आधी मला वाटलं, कोण्या लहान पोराला आणून टाकलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. पाणी गालावरून खाली आलं. मी म्हणत होतो, "वळलो रे, बाबू, आता वळलो, पाह्य ना." सोमारीनं त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं त्याचे डोळे मिटले.

कुरखेड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नऊ-साडेनऊच्या सुमारास गेला असावा. मी साडेसातला तिथं होतो. दवाखान्याची गाडी बोलावली असती तर पाऊण तासात येते. हा हिशेब मी कोणाला सांगितला नाही आणि कोणी मला विचारलाही नाही.

पोलीस आले. खाटेखालची पोती बाहेर काढली, खाकी चिकटपट्टीतली पाकिटं एकावर एक रचली, फोटो काढले. पवन राखणीला होता, बस. चार दिवसांनी कोणी येऊन माल नेणार, त्याला पुडी देणार. या खेपेला पुडी आधीच दिली होती आणि ती कसली होती, देव जाणे. पंचनाम्यात एक ओळ असते, माल कोणाच्या ताब्यात मिळाला. हवालदारानं पेन उचलला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि लिहिलं, 'मयत पवन धनराज गहाणे.' ओडिशाहून निघालेला, नागपूरला जाणारा, कोणा कोणाचे बंगले बांधणारा तो सगळा माल माझ्या पोराच्या नावावर चढला. बाकी कोणाचंच नाव त्या कागदावर नाही. मालाची गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेनं गेली असेल.

"कोतवाल, तुमी सही नका करू," हवालदार म्हणाला. "दुसरा पंच घेतो."

संध्याकाळी जाळलं. तोंड बघणार नाही म्हणालो होतो, ते तोंड मी इतका वेळ बघत बसलो की लोकांनी मला हाताला धरून बाजूला केलं.

घरी आल्यावर शकू बोलली. तीन महिन्यांनी बोलली. रडून रडून आवाज बसलेला.

"सोमारी म्हने, मिरच्या काढून ठेवे तो."

"हो."

"हे तुमाले माईत होतं?"

"हो."

"मंग तुमाले नाई समजलं?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. ती आता माझ्याशी बोलते, मीठ संपलं, वीज गेली, असलं सगळं बोलते. त्याच्यापेक्षा तो अबोला बरा होता.

सोमारी तेराव्याला आली. मला वाटलं, शिव्या देईल. माझ्या पोरानं तिच्या मेलेल्या लेकराची खाट वापरली, ताट वापरलं, त्याच्या नावानं तिला फसवलं. दिनेश तिच्यासाठी दुसऱ्यांदा मेला होता. ती शकूजवळ बसली आणि म्हणाली, "माह्या हातचं जेवला व तो. ईस दिवस जेवला. उपाशी नाई ठेवला मी तुह्या लेकराले." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी सांदवाडीत जाऊन कुंपणाकडं बघत राहिलो. यंदा ते भोक मी बुजवलं नाही.

आमच्यात खाट ठेवत नाहीत, तरी मी पवनची खाट तिकडं नेली. सोमारीला विचारलं, ती म्हणाली, ठेव. दिनेशच्या शेजारी ठेवली, उलटी, पाय वर. आता रोज सकाळी दोन ताटं घेऊन मी जातो. एकात ठेचा असतो, दुसऱ्यात बिनमिरचीची भाजी. कोणी खात नाही. दुसऱ्या दिवशी कावळे-कुत्र्यांनी विस्कटलेलं असतं, ताटं मीच धुतो. खाट उलटीच असते.

गावातली माणसं म्हणतात, कोतवाल रीत मोडते, एक दिवस मेलेले याच्यामागं घरी येतील. येऊ देत. निघाल्यावर दर दोन पावलांनी मी थांबतो आणि वळून बघतो. वाट संपेपर्यंत बघतो. वाऱ्यानं पान हललं तरी बघतो. हाक येत नाही.